सायकलवरून गेलेल्या सासूबाई

प्रिय थोरले मेहुणे शिगेतोशीजी यांस,

खिंडीतल्या देवळाच्या पुजाऱ्याचा, म्हणजे तुमच्या भगिनीने अद्याप घराबाहेर न काढलेल्या गेन्शूचा, वाकून नमस्कार. तुमची कंबर कशी आहे? (माझी विचारू नका.)

दोन आठवड्यांपूर्वी रविवारी दोन वाजता तुम्हां एकवीस आप्तांसमक्ष दिवंगत सासूबाईंचा आत्मा जिच्यात वसायचा त्या त्यांच्या नावाच्या लाखी पाटीची प्राणप्रतिष्ठा झाली. त्या सकाळचा वृत्तान्त मात्र तुम्हांला ठाऊक नाही. दहाच्या सुमारास कुराहाशी नावाचे साठीचे गृहस्थ सायकल रेटत चढ चढून आले. होक्काइदोहून निघून चाळीस दिवस झालेले, आणि आता बोटीने शिकोकू बेटावर जाऊन तिथली अठ्ठ्याऐंशी देवळं करायची. यात्रेकरूला दान देणं हे आमचं व्रत, ते न नाकारणं हे त्याचं. शिवाय देणाऱ्यादेखत गाठ सोडायची नाही. मी ओसरीवरचं भाताच्या मुटक्यांचं निळं गाठोडं पुढे केलं.

"स्वामी, ओझं नको हो, पुढे चढ आहेत."

मी दानमाहात्म्यावर एक संस्कृत वाक्य फेकलं. (अर्थ कळला नाही, म्हणूनच परिणाम झाला.) गाठोडं घेऊन ते उतारावर दिसेनासे झाले.

अकराला फुमिएने विचारलं, "अहो, आईची पाटी कुठाय?" ओसरीवर दुसरं निळं गाठोडं होतं. सोडलं. आत मुटके.

"आणि आई?"

"आई... यात्रेला गेल्या."

"दोनच्या आत आणा. नाहीतर दादापुढे तुम्हीच पाटी होऊन बसा!"

बाराला दहा कमी असताना कुराहाशींची शिकोकूची बोट सुटणार होती. छोटा ट्रक घाटातून असा सोडला की वळणावळणाला मला माझ्याच नावाची पाटी दिसू लागली. पाऊस, पुढे कुराहाशींसारखाच पिवळा रेनकोट घातलेला सायकलस्वार. आडवा घातला ट्रक. निघाल्या ओसाकाच्या दंतवैद्य बाई. "भटजी, अंगावर घालता की काय? अजून जिवंत आहे मी, गिऱ्हाईक दुसरं बघा!"

धक्क्यावर पोचलो तेव्हा कुराहाशी सायकल बोटीत ढकलत होते. दिलेलं परत मागायला जीभ उचलेना.

"स्वामी, अजून काही द्यायला आलात?" ते घाबरून म्हणाले.

"नाही... गाठोडं जड होत असेल, म्हणून..."

"छे हो! समोरच्या दुकानातून पार्सलनं घरी धाडलं. गाडी आत्ताच गेली. देवळातली वस्तू, बायकोच उघडेल."

भोंगा झाला. मी हात जोडले. (कशासाठी, ते मलाही ठाऊक नाही.)

गुह्य विधीत पाटी निळ्या गाठोड्यात बांधूनच ठेवतात, हा शोध मला पावणेदोनला लागला. तुम्ही हुंदके देऊन रडलात आणि गाठोडं छातीशी धरून घरी नेलंत. मंत्र खरे होते, तुमचे अश्रूही खरे होते.

वहिनींना नमस्कार.

आपला,
गेन्शू

ता. क. कुराहाशींच्या पत्नीचं पत्र आलंय. "हे सदा चाकांवर. आता रोज सकाळी तुमच्या बाईंपुढे चहा ठेवून गप्पा मारते. किती शांतपणे ऐकतात हो!" (आपल्याच सासूबाई ना, अशी मला क्षणभर शंका आली.) दात्याला परत मागता येत नाही, थोरल्या मुलाला येतं. तेवढं पत्र आपण लिहावं. गोड लिहा, बाई एकट्या असतात.

ता. क. २. शंभराव्या दिवसापर्यंत गाठ सोडू नका असं मी बजावलं होतं, ते विसरा. आजच सोडा, खिडक्या उघडून. घरात वास सुटला असल्यास आईंना दोष देऊ नये.