आईचे गुडघे आणि तिसरा मजला

४ मार्च, मंगळवार

जीभ घसरली! इस्पितळाच्या लिफ्टची तपासणी उरकून मशीनरूममधून खाली आलो, तर पेपरची एक बातमीदार बाई दारातच. "लिफ्ट मजला सोडून खाली जाऊन थांबते म्हणे?" हात पुसता पुसता बोलून गेलो — ब्रेकचे पट्टे झिजलेत, दोनदा लिहून दिलं, साहेब म्हणतात पुढच्या महिन्यात बघू. सगळं ओकून झाल्यावर म्हणतो कसा, "हे ऑफ द रेकॉर्ड हं!"

ती हसली. "दादा, ते बोलायच्या आधी सांगायचं असतं. आणि समोरच्याने हो म्हणावं लागतं. तरच ते आपल्या दोघांत राहतं. नंतर सांगून काय उपयोग?"

मला वाटायचं कधीही म्हटलं तरी चालतं! गेली नोकरी.

५ मार्च

पेपर तीनदा चाळला. छोट्या जाहिरातीसुद्धा. काही नाही.

६ मार्च

तिचा फोन. "काळजी करू नका, छापत नाही. पण नाव देऊन बोलाल? त्याशिवाय कुणी हलणार नाही."

नाही म्हणालो. आता हायसं वाटायला हवं होतं. छे! या खोलीतून त्या खोलीत नुसता फिरतोय. बायको म्हणाली, "बसा हो एका जागी, मलाच गरगरायला लागलंय."

८ मार्च

आईला गुडघ्यांच्या व्यायामासाठी डॉक्टरांनी त्याच इस्पितळात बोलावलंय. तिसरा मजला! 

"जिन्याने जा," म्हणालो.

"या गुडघ्यांनी? डोकं ठिकाणावर आहे ना रे तुझं?"

सांगावंच लागलं. पण या वेळी शहाणपणाने आधी बजावलं — कुणापाशी बोलायचं नाही, कबूल? ती काहीच बोलली नाही. मी तेच हो धरलं. सगळं ऐकून ती म्हणाली, "आणि बाकीची माणसं रे?"

मी उठून पाणी प्यायला गेलो.

१० मार्च

साहेबांनी तपासणीची वही पुढे सरकवली. मी 'ठीक' लिहून सही केली. लाज वाटते स्वतःची. जेवण गेलं नाही.

११ मार्च

पहिल्या पानावर आईचा फोटो! लिफ्टच्या दारात खुर्ची टाकून बसली होती म्हणे, काल सकाळी आठपासून. एकालाही आत जाऊ दिलं नाही. खाली तिचे शब्द — "माझा मुलगाच ही लिफ्ट बघतो. तो मला चढू देत नाही, मग मी तुम्हाला कशी चढू देऊ?" तिचं नाव आहे, माझंही. तिनेच सांगून लिहून घ्यायला लावलं.

इस्पितळाने लिफ्ट बंद केलीय.

साहेबांचे सात फोन येऊन गेले. आठवा उचलला. "तुझी आई काय वाट्टेल ते बरळतेय, तू उद्या तसं लिहून दे," ओरडत होते.

म्हटलं, "साहेब, आई खरं बोलली."