पहिला संपर्क

सोमवार, १४ नोव्हेंबर

प्रिय चिऊ,

अनेक आशीर्वाद. पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते फोडलंस, असं धरून लिहिते. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण छापखान्यातून निवृत्त झाले तरी प्रुफं तपासायला अजून घरी येतात. दिवस जातो.

तीन महिन्यांपूर्वी माझ्याकडे एक यंत्र बसवलं. बाहेरच्या खोलीत एक डबी, बाथरूमच्या भिंतीवर बारीक डोळ्यासारखं काहीतरी आणि गळ्यात घालायला बटण. माणूस पडलं की कंपनीला कळतं, आणि कंपनी त्याच्या घरच्यांना फोन करते. सेवा नवीन आहे, सध्या काही घरांतच लावून बघतायत, असं मुलगा म्हणाला. तो एवढा आग्रह कधी कशाचा करत नाही. तेव्हाच मला वाटलं, काहीतरी पाणी मुरतंय. आईला एकटीनं राहणं झेपत नाही याचे पुरावे गोळा करायचे आणि एक दिवस मला उचलून त्याच्या दहाव्या मजल्यावर नेऊन बसवायचं, असा बेत असणार.

मागच्या मंगळवारी कंपनीची मुलगी अभिप्राय घ्यायला आली. बटण जड वाटतं का, आंघोळीला काढून ठेवता का, उगाच किती वेळा वाजलं. मी प्रत्येक उत्तराआधी तिलाच विचारत होते, हे वाचणार कोण. ती म्हणायची, आमची टीम. टीम म्हणजे कोण, हे बहुधा तिलाही माहीत नसावं. सवयीनं मी तिच्या प्रश्नावलीतल्या शुद्धलेखनाच्या तीन चुका काढून दिल्या. बिचारीनं लिहून घेतल्या.

मग तिनं विचारलं, "दोन तारखेला मदत वेळेवर पोचली का?"

मी म्हटलं, कसली मदत, वाफेनं वाजलं असेल. मुलालाही मी हेच सांगितलं होतं.

तिनं हातातल्या टॅबवर बघितलं. "इथे सव्वीस मिनिटं लागली असं आहे."

चिऊ, मी पडले होते. सकाळी, बाथरूममध्ये. बटण बाहेर खुंटीवर होतं. खालच्या मजल्यावरच्या इलेक्ट्रिशियनकडे माझी जादा किल्ली असते, त्यानं येऊन उठवलं. कुणाचा तरी फोन आला होता म्हणाला. मी समजले, कंपनीचा. कुणाजवळ बोलू नको, असं त्याला बजावलं.

मुलीच्या हातातला टॅब मी जवळजवळ ओढूनच घेतला. पहिला संपर्क, असं लिहिलं होतं. नाव आणि नंबर झाकलेले, नातं उघडं. बहीण. मला एकच बहीण आहे.

तिला अर्ध्यावर वाटेला लावून मी खाली गेले. फोन कुणाचा होता ते नीट आठव, म्हटलं. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "तुमच्यासारखाच आवाज. मला वाटलं तुम्हीच आतून बोलताय. फक्त त्या बाई रडत होत्या."

मुलाला फोन लावला तेव्हा त्यानं कबूल केलं. सेवा मावशीनं शोधली, खालच्या इलेक्ट्रिशियनचा नंबर त्यानं तिला दिला. तुझं नाव ऐकलं असतं तर मी यंत्र उपटून फेकलं असतं, म्हणून गप्प राहिला. खरं आहे. फेकलं असतं.

राग इतका आला की दोन दिवस मी त्या डोळ्यावर टॉवेल टाकून ठेवला. नऊ वर्षं माझ्याशी अवाक्षर नाही, आणि मी आंघोळीला कधी जाते ते तुला कळतं. तुला हवंय काय? वाटलं, आईसारखीच मीही एकदा जमिनीवर पडावं, याची तू वाट बघते आहेस.

असं वाटायला कारण आहे. ते तुझ्यात नाही, माझ्यात आहे.

नऊ वर्षांपूर्वी तू एवढंच विचारलं होतंस, आई पडली तेव्हा तू कुठे होतीस. मी म्हटलं, स्वयंपाकघरात. मिक्सर चालू होता, ऐकू आलं नाही. तुला पटलं नाही, तशी मी सगळ्यांदेखत तुला संशयी म्हटलं. तुला दारातून बाहेर जाताना बघूनही थांबवलं नाही.

मी घरात नव्हते, चिऊ. छापखान्यातून निरोप आला होता, शेवटचं प्रूफ अडलंय. पाऊण तासात येते म्हणून बाहेरून कुलूप लावलं. तीन तास लागले. आले तेव्हा आई जमिनीवर होती, शुद्धीत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "आलीस?" एवढंच. रागावली असती तर बरं झालं असतं.

दोन तारखेला सव्वीस मिनिटं फरशीवर पडल्या पडल्या मी दाराकडे कान लावून होते. तीन तास म्हणजे किती असतात, ते तेव्हा कळलं.

टॉवेल काढला आहे. गुरुवारी ती मुलगी उरलेले प्रश्न घेऊन येईल. पहिला संपर्क तोच ठेवायचा का, असं तिनं फोनवर विचारलंय. मी उत्तर दिलेलं नाही, कारण ते माझं नाही. हे वाचून तुला तुझं नाव काढून घ्यावंसं वाटलं तर घे. मी का म्हणून विचारणार नाही.

तुझी,
त्या दुपारी घरात नसलेली,
ताई