प्रतीक्षाचं पुढचं चाक

१४ सप्टेंबर, रविवार

बोट कापलं. सायकलच्या रिमने!

प्रतीक्षाची सायकल धूत होतो. पुढचं चाक पुसताना, ब्रेकचं रबर जिथे घासतं त्या कडेला बोट अडलं. बघतो तर कड झिजून आत गेलेली, पत्र्यासारखी पातळ, आणि एका जागी केसाएवढी चीर! किती पावसाळे ही सायकल चिखलात ब्रेक मारत उतरली आहे. चिखल म्हणजे पॉलिश पेपरच की. शिवाय ट्यूबची हवा त्या कडेला आतून ढकलतच असते. कड एकदा फुटली की फाटका पत्रा ब्रेकमध्ये अडकणार आणि चाक जागच्या जागी थांबणार. प्रतीक्षा थांबणार नाही.

आणि ती उतरते कुठून? लोहगडवाडीच्या शाळेतून, तिथे शिकवते ती! सकाळी सायकल ढकलत चढते, शाळा सुटली की खिंडीपासून खाली आमच्या भाजे गावापर्यंत सबंध उतार. मधल्या मोठ्या वळणावर तर कठडाही धड नाही. काल अर्धी शाळा होती — कालही तशीच आली.

चाक तिथेच खोललं.

“अहो, उद्या जाऊ कशी मी?”

“पायी.”

“एवढं काय झालंय?”

बोट दाखवलं. हसली! म्हणाली, हळद लावा.

१५ सप्टेंबर

जेवण गेलं नाही. देहूरोडला डेपोत बसून दिवसभर स्टॉकच्या नोंदी केल्या, एक आकडा धड नाही. साहेबांनी विचारलं, बरं नाही का? काय सांगणार? अपघात झालेला नाही, होऊ शकला असता — याला रजा मिळत नाही.

मी मुळातच भित्रा. गॅसचं बटण तीनदा बघून निघणारा. पण हे वेगळं आहे. डोळे मिटले की ते वळण दिसतं.

१७ सप्टेंबर, बुधवार

श्रीपतीभाऊंना रिमचा फोटो दाखवला. आमच्या डेपोतून फिटर म्हणून निवृत्त झालेले, रोज चहाला गेटवर येतात. फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

“ही रिंग न्हाई रं, पापड झालाय पापड! बाई वाचली तुजी.”

हे नको होतं बोलायला.

मग रीत सांगितली. “नवी रिंग जुनीला चिटकून बांद. येक तार हितली सोड, तितं लाव. सगळ्या येकदम सोडल्यास तर रडत बसशील.” आणि चाक फिरताना डोलतं, त्याला आउट म्हणतात. तो काढायचा. “घाई न्हाई करायची. तारेचा पाव फेरा, बास.”

२० सप्टेंबर, शनिवार

पिंपरीहून रिम आणली. दुकानदार म्हणतो, सव्वीस इंची आता कोण वापरतं, नवी सायकलच घ्या ना! तेवढंच निमित्त धरून प्रतीक्षाला म्हणालो, नवी स्कूटीच घेऊ का? नाही म्हणाली. पहिल्या पगाराची सायकल आहे ही, हिलाच चाक लावा.

२१ सप्टेंबर, रविवार

सकाळपासून ओट्यावर. नवी रिम जुनीला चिकटपट्टीने बांधली. तार सोडायची, शेजारच्या भोकात लावायची, पुढची. प्रतीक्षा चाक धरून बसली होती. मधेच म्हणाली, “तुमचा चेहरा बघा! ऑपरेशनच करताय जणू!” मी हसलो नाही. एखादी तार चुकीच्या भोकात गेली तर?

दुपारी चाक उभं राहिलं. फिरवलं तर पाण्यातल्या म्हशीसारखं डुलतंय. आउट काढायला संध्याकाळ पुरली नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार

चाक सरळ झालं.

सायकलला बसवून फिरवलं. रिम आणि ब्रेकचं रबर यांच्यातली फट दोन्ही बाजूंना सारखी. पुन्हा फिरवलं. पुन्हा. कुठेही घासत नाही. तारा सगळ्या टणक. खरं तर उड्या मारायला हव्या होत्या!

प्रतीक्षा पदराला हात पुसत आली. “झालं? मग उद्या नेते हं.”

आणि माझ्या तोंडून निघून गेलं — “अजून थोडा आउट आहे.”

का म्हणालो? रिम नवी आहे, चीर गेली, झीज गेली. भीती मात्र होती तिथेच आहे. उलट वाढली आहे, कारण आता ते चाक मी केलेलं आहे.

ती बरं म्हणाली आणि भाकऱ्या करायला गेली. मला आज चांगली झोप लागणार.

२४ सप्टेंबर

लागली.

२५ सप्टेंबर, गुरुवार

प्रतीक्षा आज लवकर घरी. गडाखाली पिठलं-भाकरीची टपरी आहे ना, त्या बजरंगभाऊंनी मोटरसायकलवरून सोडलं. “बाई, पायी कुटं जाता, बसा मागं!” म्हणाले म्हणे. ते रोज त्याच वेळी मळवलीला सामान आणायला उतरतात. फार बरं झालं. तिचे पाय सुजायला लागले होते.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आईने पकडलं.

ओट्यावर चाक फिरवत बसलो होतो. ती तांदूळ निवडत होती. “आरं, सरळ तर फिरतंय! आजून काय बगतोस त्यात?”

“आई, तुला नाही कळणार.”

“डोळं हायेत मला. सून लोकाच्या गाडीवर बसून येती, आन ह्यो चाकाला वारा घालतोय.”

ती आत गेल्यावर चावी घेतली आणि दोन तारा सैल केल्या. पूर्ण एकेक फेरा. चाक डोलायला लागलं. आता आहे आउट! आता कुणी विचारलं तर मी खोटं बोलत नाही.

हे लिहिताना लाज वाटते आहे. तरी चाक तसंच ठेवलं आहे.

२८ सप्टेंबर, रविवार

चाक अजून दिलं नाही, तरी प्रतीक्षा रागावली नाही, तेच अवघड झालं. रागावली असती तर भांडलो असतो.

चहा घेता घेता म्हणाली, “अहो, मला तो उतार आवडतो. वर मी पोरांची बाई, खाली आले की तुमची बायको, आईंची सून. मधली तेवढी वाटच माझी एकटीची असते. बजरंगभाऊ चांगले आहेत, पण सगळा रस्ता बोलतात हो!”

मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी फक्त ती पोचली का एवढंच विचारत आलो.

तिला सांगणार होतो — मला भीती वाटते, तू पडशील, तू मरशील, मग मी काय करू? शब्द जिभेवर आले होते. पण म्हणालो एवढंच, “उद्या संध्याकाळी देतो. नक्की.” आजच करणार होतो, पण पुण्याची पाहुणेमंडळी आली लेणी बघायला. उद्या कामावरून आलो की त्या दोन तारा आवळायच्या. मंगळवारी सायकल तिची. मी ओट्यावर वाट बघत बसेन, भ्यायचं तेवढं भिईन.

२९ सप्टेंबर, सोमवार

तळेगावच्या दवाखान्यातून लिहितो आहे.

बजरंगभाऊंची गाडी मोठ्या वळणावर खडीवर घसरली. त्यांना खरचटलं. प्रतीक्षा मागे होती, ती दगडावर आपटली. मांडीचं हाड मोडलंय, उद्या ऑपरेशन. पुन्हा नीट चालेल का, यावर डॉक्टर ‘बघू’ म्हणतात.

शुद्धीवर आल्यावर माझा हात धरला. “अहो, किती खडी होती! सायकलवर असते तर गेलेच असते. बरं झालं, तुमचं चाक आउट होतं.”

मी हो म्हणालो.