रुमालाखालचा हात

देऊळघाट
१२ जानेवारी २०२५

प्रिय आल्हाद,

अनेक आशीर्वाद. तू, गार्गी आणि पिल्लू बरे असाल. आम्ही सगळे ठीक. थंडी अजून हटलेली नाही. मेथी इतकी आली आहे की आमचं मांजरसुद्धा आता ताटाकडे बघून निघून जातं. आमच्या प्रतीक्षाची बारावी जवळ आल्यामुळे घरात टीव्ही बंद आहे. त्याचा खरा त्रास तिला नाही, माझ्या सासूबाईंना होतो.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर माझं वाक्य संपायच्या आत तू "ऐक ना ताई" म्हणतोस, आणि मी ऐकत बसते. पत्राला तसं मध्येच तोडता येत नाही.

बाबा बरे आहेत. लकव्याने उजवा हात अजून ठेवला तिथेच राहतो, पाय मात्र आता उचलतात. शब्द अजून दोनच, "हाव" आणि "बोला". "हाव"वर विश्वास ठेवायचा नाही, ते हो-नाही कशालाही येतं. "बोला" मात्र नेमक्या जागी येतं. परवा बुलडाण्याच्या डॉक्टरांनी त्यांच्या छातीला नळी लावली, तर बाबा म्हणाले, "बोला." डॉक्टर गोंधळून वर बघायला लागले आणि बाबांनी तेवढ्यात डाव्या हाताने त्यांची हनुवटी धरून दात पाहून घेतले. आयुष्यभर बैलांचे दात पाहिलेला माणूस. माझ्या लग्नाच्या वेळी यांचेही दात पाहिले होते म्हणतात, यांनी अजून कबूल केलेलं नाही.

आता व्हिडिओचं. प्रतीक्षाने घरच्या ग्रुपवर टाकलेला तो व्हिडिओ पाहून तू लिहिलंस, "बाबांचा तमाशा मांडू नका." त्याखाली तुझ्या सासऱ्यांनी जोडलेले हात टाकले. ते कोणाला जोडले होते, मला अजून कळलेलं नाही. तू दोनदा सांगितलंस, तरी तो व्हिडिओ काढून टाकायला मी प्रतीक्षाला सांगितलं नाही आणि सांगणारही नाही.

तुला ठाऊक आहे, पण गार्गीने हे कधी पाहिलं नसेल, म्हणून तिच्यासाठी लिहिते. बैलबाजारात आपले बाबा दलाल होते. तिथे भाव तोंडाने सांगत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि खाली बोटं धरून बोलायचं. एक बोट म्हणजे एक, पंजा म्हणजे पाच. भोवती गर्दी असली तरी काय ठरलं ते त्या दोघांनाच कळतं. आणि समोरच्याची बोटं मिटवून त्याची मूठ केली, की बोलणं संपलं. हा माल द्यायचा नाही.

दवाखान्यातून इथे आणल्यावर बाबा जेवायचेच नाहीत. ताट सरकवून द्यायचे. एक दिवस त्यांनी खांद्यावरचा रुमाल डाव्या हाताने ओढून माझ्या मनगटावर टाकला आणि म्हणाले, "बोला." मला वाटलं, हात पुसायचा असेल. तर त्यांनी रुमालाखाली माझं एकच बोट धरलं. ताटात दोन पोळ्या होत्या. मी एक काढून घेतली आणि ते जेवले. मी मोरीत जाऊन रडले, मग हसू आलं. माझ्या पोळ्यांचा इतका स्पष्ट भाव आजवर कोणी केला नव्हता.

तेव्हापासून घरात सगळं रुमालाखाली ठरतं. आंघोळ, औषध, दाढी. सासूबाई आधी भडकल्या होत्या, बाबा त्यांचे व्याही ना. "आता या वयात इवायाच्या हातात हात देऊ काय वं? गाव काय म्हणीन?" बाबांनी चहासाठी त्यांच्यापुढे रुमाल धरला, तेव्हा त्या सरळ गोठ्यात निघून गेल्या. पण बाबांना दुसरा चहा हवा असतो आणि साखरेचा डबा सासूबाईंच्या ताब्यात. आठ दिवसांनी डोक्यावरून पदर घेऊन, तोंड भिंतीकडे करून त्यांनी हात पुढे केला.

तू पाहिलेला व्हिडिओ तोच. अर्ध्या कप चहाच्या बदल्यात अंगणात किती फेऱ्या मारायच्या, याचा सौदा. बाबा दोन बोटं धरतात, सासूबाई पंजा देतात. बाबा छातीला हात लावून मेल्यासारखे मागे टेकतात. सासूबाई भिंतीला सांगतात, "मेले तरी पाचच." शेवटी चारवर सौदा पटतो. बाबा चार फेऱ्या मारतात, तिसऱ्या फेरीत थांबून पेरूच्या झाडामागे लपायला बघतात, आणि सासूबाई ओरडतात, "मले फसोते हा मानूस. इवाईबुवा, म्या मोजून राह्यली हो."

व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने सांगून सांगूनही बाबा एक फेरी मारत नव्हते, आल्हाद.

तरी तुझं वाचून मी स्वतःला विचारलं. हे आपण करमणुकीसाठी तर करत नाही ना? तीन दिवस मी घरातलं हसणं लक्ष देऊन ऐकलं. आता तूही तो व्हिडिओ पुन्हा बघ. आधी हसतात ते बाबा. आम्ही मागून.

पुण्याच्या ज्या केंद्रात बाबांना ठेवायचं म्हणतोस, त्याची तू पाठवलेली माहितीही मी पूर्ण वाचली. तिथे बोलायला शिकवणाऱ्या बाई आहेत, रोज डॉक्टर येतात, हे इथे नाही. तू म्हणालास की बोटांची सवय लावून मी त्यांचं बोलणं बंद करते आहे. मला भीती वाटली. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, जे दार उघडं आहे त्यातून येऊ द्या, शब्दांचाही सराव घ्या. तो आम्ही घेतो. प्रतीक्षा त्यांना "पाणी" म्हणायला लावते, ते "बोला" म्हणतात, आणि ती पाणी देते.

मग तू म्हणालास, लोक विचारतात, मुलगा असताना बाप लेकीच्या सासरी का. कोण लोक? नावं कळव. मी त्यांना मेथी पाठवते. बाबांची खोली माझ्या सासूबाईंनी रिकामी करून दिली, स्वतःची खाट ओसरीत टाकली. ज्या घरात आपल्या बापाला जागा करून दिली जाते, ते कोणाचं सासर आहे हे मला मोजता येत नाही.

इतकं लिहून खरं तर पत्र संपवायला हवं होतं. पण दोन गोष्टी राहिल्या. मी त्यांना टाळत होते.

पहिली. तू पंचवीस तारखेला गाडी घेऊन न्यायला येणार, हे मी बाबांना सांगितलं. रुमाल टाकून विचारलं, पुण्याला जायचं का? त्यांनी माझी बोटं एकेक करून मिटवली आणि मूठ केली. मला किती आनंद झाला, ते लिहायला लाज वाटते. मी जिंकले, असं वाटलं. पण त्या आनंदाचीच मला शंका आली, म्हणून दुसऱ्या दिवशी उलटं विचारलं. इथेच राहायचं का? त्यांनी पुन्हा माझी बोटं मिटवली. तीच मूठ.

मी चक्रावले. सासूबाई मेथी निवडत होत्या, त्यांना सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही. "तुमी दोघं बहीन-भाऊ सौदा करून राह्यले, अन् भाव मालाले पुसता. काऊन सांगीन तो? तो दलाल हाय. बैल नाही."

तेव्हापासून मी बाबांना काही विचारलेलं नाही. तूही त्यांना वस्तूसारखं उचलून नेऊ शकत नाहीस आणि मीही धरून ठेवू शकत नाही. माझ्या हट्टातला एवढा भाग मी सोडला आहे. बाकीचा सोडलेला नाही.

दुसरी गोष्ट. भाऊबीजेला तू आला होतास. ओवाळणी झाली आणि बाबांनी रुमाल तुझ्या गुडघ्यावर टाकला. म्हणाले, "बोला." तू रुमाल उचललास, नीट घडी केलीस आणि मला म्हणालास, "ताई, हा धुवायला टाक, वास येतोय." बाबांचा डावा हात तसाच पुढे राहिला. नंतर त्यांनी तो उजव्या हातावर ठेवला. तू फोन बघत होतास, पण तुला ते दिसलं होतं, हे मला ठाऊक आहे.

मी तेव्हा बोलले नाही, कारण शाळेत पोरं तुला "बैलाचे दात मोज" म्हणून चिडवायची, ते मी पाहिलं आहे. तू दप्तर फेकून घरी यायचास. पण त्याच्या आधी बाबांच्या मांडीवर बसून हे सगळं तूच शिकला होतास. मला नाही शिकवलं, मुलगी म्हणून. तू सहा वर्षांचा असताना बोटांनी भाव करून त्यांच्याकडून जिलबी मिळवायचास आणि काय ठरलं ते मला सांगायचा नाहीस. मी अडखळत शिकले ते या चार महिन्यांत. तुझ्या हाताची भाषा बाबांना माझ्या हातापेक्षा जास्त कळते, आणि ते तुझाच हात मागत होते.

म्हणून पंचवीसला ये. जरूर ये. रुमाल मी धुऊन, उन्हात वाळवून ठेवला आहे, आता त्याला वास नाही. बाबांपुढे बस आणि हात दे. मी आत स्वयंपाकघरात असेन. काय ठरलं ते मी विचारणार नाही, सासूबाईंनाही विचारू देणार नाही, आणि हे त्यांना किती जड जाईल ते तू समजून घे. बाबा आपल्या पायांनी गाडीत बसले, तर त्यांची बॅग मी भरून देईन. त्यांनी तुझी बोटं मिटवली, तर मला "ऐक ना ताई" म्हणायचं नाही.

आणि हात न देता न्यायला आलास, तर चहा घे, जेव, मेथी ने. बाबा मिळणार नाहीत.

बाबा शेजारीच उन्हात बसले आहेत. आल्हादला लिहिते आहे, असं सांगितलं. त्यांनी कागदाकडे बराच वेळ पाहिलं आणि खांद्यावरचा रुमाल त्यावर टाकला.

मी तो तुझ्यासाठी उचलून ठेवला आणि पत्र पुरं केलं.

तुझी,
ताई