उंचवट्यापलीकडचं शेत

९ ऑगस्ट

जव कापून झाले. शेत न्हाव्याच्या हातून सुटल्यासारखं दिसतंय. गवताचं मात्र मातेरं झालं – तीन आठवडे सलग पाऊस, अर्धी गंजी आतून काळी. चार गाई, समोर अख्खा हिवाळा, आणि सुकी वैरण जेमतेम डिसेंबरपर्यंत पुरेल.

लेकीचा फोन. "बाबा, आईचा खुबा मोडलाय. तुम्ही शिंपी माणूस. गाई कोण बघणार? व्यापाऱ्याला सांगू का?" बायकोने पलंगावरून ऐकलं. "गाई गेल्या तर मी उठायचं कशासाठी?" 

शेवटी तह झाला. लेक डिसेंबरच्या दहा तारखेला येऊन स्वतः बघणार. नवं गवत येईपर्यंत चारा पुरेल असं दिसलं तर गाई राहतील, नाहीतर व्यापाऱ्याची गाडी.

११ ऑगस्ट

बायकोने तोडगा काढला. जव निघाले, पुढची पेरणी थंडी सरल्यावर. मधले महिने जमीन नुसती बसून राहते, तिला कामाला लावायचं! ओट आणि सलगम टाकायचे. नोव्हेंबरपासून गाई त्यातच चारायच्या, म्हणजे साठवलेलं गवत वाचेल.

"आधी ओट पेरा, मग सलगम. एकत्र नाही. दोनदा फिरा." हे तिने तीनदा सांगितलं. लोक उंटावरून शेळ्या हाकतात, ही पलंगावरून गाई हाकते. पण गोठ्यातलं सगळं ज्ञान तिचं. मी चाळीस वर्षं फक्त तिच्या गाईंचं दूध प्यालो. तेही आता बंद, डॉक्टरांनी कोरा चहा लावून दिलाय.

१४ ऑगस्ट

पेरलं! ट्रॅक्टरवाला त्याचं यंत्र घेऊन आला होता. दोनदा कशाला फिरायचं? मी दोन्ही बी एकाच पेटीत ओतलं, हाताने मस्त कालवलं. घराकडून सुरुवात केली ते पार टोकापर्यंत, एका फेरीत काम. ट्रॅक्टरवाला खूश, मी खूश.

बायकोने विचारलं, "दोनदा फिरलात ना?" म्हटलं, "हो." एवढंसं तर खोटं.

१५ ऑगस्ट

पाऊस. हलका, हवा तेवढाच.

२ सप्टेंबर

हात दाखवून अवलक्षण!

खिडकीतून दिसतं तेवढं शेत हिरवंगार. बायको सकाळपासून बघतेय, दोनदा हसलीसुद्धा. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. मी ऐटीत उंचवटा चढून पलीकडे गेलो तर काय – जमीन उघडी! इथे एक काडी, तिथे एक काडी, आणि मध्ये पारव्यांचा थवा, लग्नाच्या पंगतीला बसल्यासारखा.

ट्रॅक्टरवाल्याला बोलावून दाखवलं. त्याने डोकं खाजवलं. "सलगमाचं बी मोहरीएवढं. यंत्र हादरतं, बारीक बी खाली बसतं आणि आधी पडतं. घराकडे सगळा सलगम पडला, इकडे नुसते ओट. बारीक बियासाठी यंत्र उथळ लावलेलं, म्हणून ते उघड्यावर पडले, मग पाखरं सोडतात होय? तुमच्या बाईंनी सांगितलं नव्हतं?"

सांगितलं होतं. तीनदा.

घरी आलो. "पलीकडे कसं आलंय?" तिने विचारलं. तिचा चेहरा बघितला आणि तोंडातून निघून गेलं, "असंच. याच्याहून दाट." उंचवट्यामुळे तिला पलीकडचं दिसत नाही. झाकली मूठ.

१९ सप्टेंबर

फिजिओवाली आली होती. बायको वॉकरला हात लावायला तयार नाही. "गोठ्यात चालतो का तो? मग मला काय उपयोग?" वॉकर कोपऱ्यात, त्यावर माझे कपडे वाळत.

१२ ऑक्टोबर

आज बराच वेळ बांधावर बसून होतो. उशिरा पुन्हा ओट टाकावेत का? थंडी तोंडावर आली, आता काही येणार नाही असं ट्रॅक्टरवाला म्हणतो. कापड चुकीचं कापलं की जोड देता येतो. जमिनीला जोड कुठून देणार?

गिऱ्हाइकाशी मी कधी खोटं बोललो नाही. उसवलं तर उसवलं म्हणून सांगितलं, पुन्हा शिवून दिलं. आणि बायकोशी रोज सकाळी बोलतोय, चहाचा कप हातात देता देता. ती विचारते, मी वर्णन करतो. आता तर मला ते पलीकडचे ओट खरंच डोळ्यांसमोर दिसायला लागलेत. गुडघ्याला लागतात! लाज वाटते. पण सांगितलं आणि तिने पुन्हा भिंतीकडे तोंड फिरवलं तर? ऑगस्टमध्ये ती आठवडाभर भिंतीकडे तोंड करून होती. ते मला पुन्हा बघवणार नाही.

३ नोव्हेंबर

गाई सलगमात सोडल्या. विजेची तार रोज दोन पावलं पुढे सरकवायची, म्हणजे तेवढंच खातात, तुडवत नाहीत. चोरटी नावाच्या गाईने पहिल्याच दिवशी तारेखालून मान घातली, शॉक खाल्ला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच चावलो.

७ नोव्हेंबर

शेण पातळ. गुरांचा डॉक्टर येऊन गेला. नुसता सलगमाचा पाला चालणार नाही, सोबत भरपूर कोरडं हवं. ओट असते तर भागलं असतं. म्हणजे जे गवत वाचवायचं होतं तेच जास्त लागणार!

हिशोब सरळ आहे. असंच चाललं तर नाताळाच्या सुट्ट्यांच्या आधी गंजी संपेल असं लिहिणार होतो, पण खरं म्हणजे दहा डिसेंबरलाच लेकीला ती रिकामी दिसेल.

९ नोव्हेंबर

ट्रॅक्टरवाल्याने पावसाआधी गवत कापलं होतं. त्याचं कोठार आढ्यापर्यंत भरलेलं. मी गेलो, कोऱ्या चहावर अर्धा तास हवापाण्याच्या गप्पा मारल्या, आणि मग नजर त्याच्या कोटाच्या कोपरांवर गेली. दोन्ही फाटलेली. आतलं अस्तर लोंबत होतं.

"घरात किती माणसं?" मी विचारलं.

पाच माणसं, पाच कोट. बदल्यात थंडीभर गवत. "आणि म्हातारीचा जरा सैल शिवा, ती आत दोन स्वेटर घालते," तो म्हणाला. गठ्ठे मागच्या वाटेने आणायचे, खिडकीसमोरून नाही. त्याने कारण विचारलं नाही. लग्न झालेला माणूस आहे.

१० नोव्हेंबर

मशीनवरचं कापड चार वर्षांनी काढलं. तेल घातलं. मागच्या खोलीत धडधड सुरू.

"कुणासाठी शिवताय?"

"सहज. हात आखडले होते."

१८ नोव्हेंबर

बायकोने चहाचा घोट घेतला आणि तोंडात धरून ठेवला.

"साखर कमी?"

"नाही. गाई काय खातात हल्ली?"

"ओट, सलगम. दोन्ही."

"अस्सं," म्हणाली आणि चहा संपवला. चोराच्या मनात चांदणं – दिवसभर शिवण वाकडी जात होती.

२९ नोव्हेंबर

तीन कोट झाले. आमच्या कोठारातही गवत दिसायला लागलंय. गाईंचं शेण घट्ट, काळी गाय दूध वाढवतेय. दुपारभर मशीनवर बसलो की पाठ धरते, पण बरं वाटतं.

बायको आजकाल दमलेली असते. दिवसभर पडून असणारं माणूस दमतं कसं?

५ डिसेंबर

पाचवा कोट दिला. म्हातारीने घालून बघितला, आरशासमोरून हलेना.

गवत पुरेल. मार्चअखेर नवं गवत येईपर्यंत नक्की. गाई राहणार! ओरडून सांगावंसं वाटलं आणि सांगता येईना. कारण पाच दिवसांनी लेक येईल, उंचवट्यावर उभी राहील आणि आत येऊन आईला सगळं सांगेल. तिच्याआधी मीच सांगायला हवं. उद्या.

६ डिसेंबर

नाही जमलं.

८ डिसेंबर

दूध काढून आलो तर पलंग रिकामा! वॉकर नाही. दार सताड उघडं. बाहेर पांढरं दहिवर आणि त्यावर वॉकरच्या पायांचे ठिपके, टीप मारल्यासारखे सरळ – चरून झालेल्या पट्ट्यातून, उंचवट्यावरून, पलीकडे. मी तसाच धावलो.

ती उघड्या जमिनीत मधोमध उभी होती. माझा जुना कोट घालून. "नुसता सलगम खाल्लेल्या गाईचं दूध मला चहात कळत नाही होय? तुमचं मशीन सुरू झालं की मी चालायचे. तुम्ही सांगेपर्यंत मीही सांगायचं नाही, असं ठरवलं होतं. पण तुम्ही कसले सांगताय!"

मी हात धरला. तिने सोडवला नाही. उघड्या जमिनीकडे बघत म्हणाली, "पुढच्या वर्षी दोनदा फिरा. मी बरोबर असेन."