मंगळावरचं मीठ आणि माझी बाकीची मालमत्ता

मी, सुचित्रा हिराजी तांडेल, वय चौऱ्याहत्तर, मूळची करावे गावची, सध्या राहणार सीवूड्स, नवी मुंबई, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहिते. मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. गेल्या आठवड्यापासून मी इतकी खूश आहे की त्यांनी खात्रीसाठी मला पुन्हा तपासलं. याआधीचं मृत्युपत्र रागात लिहिलं होतं. ते रद्द समजावं.

१. राहता फ्लॅट माझी भाची ईश्वरी हिला मिळावा. हॉलमधला मंगळाचा नकाशा तिनं काढू नये, पाहुण्यांना आवडो न आवडो.

२. बँकेतली शिल्लक थोरली बहीण गोजराताई हिची. मी शिकावं म्हणून तिनं शाळा सोडली आणि मिठागरात उभी राहिली. तिनं ते कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून मी इथे लिहून ठेवते.

३. दगडांचा संग्रह मी भूविज्ञान शिकवलं त्या कॉलेजला द्यावा. त्याला 'जिन्यातला कचरा' म्हणणारे सोसायटीचे सेक्रेटरी दिलीपराव यांना त्यातला सगळ्यात जड दगड द्यावा. तो त्यांनी स्वतः उचलून न्यावा.

४. आता मुख्य. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानावरचं उपकरण जमिनीवरून परतलेला प्रकाश मोजतं. त्यातला जो भाग जमिनीनं गिळला, त्याची आलेखात खाच पडते आणि खनिज ओळखता येतं. एका उथळ खळग्याच्या कडेनं मला जिप्सम सापडलं. मध्यभागी मात्र आलेख सपाट. भर बैठकीत माझे सहकारी डॉ. अभिराम म्हणाले, "मॅडम, तिथे काही नाहीये. उपकरणाचा दोष आहे, उगाच टेन्शन घेऊ नका." माझा लेख परत आला.

पण मी मिठागरात वाढले. खाडीचं पाणी एका वाफ्यातून पुढच्या वाफ्यात सोडत नेतात. आधीच्या वाफ्यांत जिप्समची खरखरीत खपली धरते. तिनं माझ्या टाचा सोलल्या आहेत. मीठ धरतं अगदी शेवटच्या वाफ्यात. आणि निव्वळ मीठ त्या उपकरणाला खाच दाखवतच नाही. कडेला खपली आणि मध्ये कोरा आलेख, म्हणजे मध्ये मीठ! हे मी कित्येक वर्षं सांगत राहिले. आपण खोट्या ठरूनच मरणार, अशी धास्ती बसली होती.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या यानावरच्या, जमिनीची उष्णता मोजणाऱ्या उपकरणानं तोच खळगा पाहिला. उष्णतेत मीठ लपत नाही. मीठच आहे. मी जिंकले! गोजराताईला फोन केला, तर म्हणते, "मंगलावर पन आपलाच आगर हाय का गो?"

हो ताई, आपलाच.

५. कराव्याच्या त्या खपलीचा एक तुकडा मी जपला होता. तो डॉ. अभिराम यांच्या नावे करणार होते. वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही न देणंच बरं. म्हणून तो आज चहाबरोबर त्यांच्या हातात ठेवला. साक्षीला मुद्दाम त्यांनाच बोलावलं आहे.

ठिकाण: सीवूड्स, नवी मुंबई
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५

सही: सुचित्रा हिराजी तांडेल

आम्हा दोघांच्या समोर सही झाली:

१. डॉ. ऋषी वैशंपायन (दोन्ही वेळा मीच तपासलं. प्रकृती उत्तम, आवाज चढा.)

२. डॉ. अभिराम देवस्थळी (चौथं कलम नीट वाचून सही करतो. तिथे मीठ आहे.)