कावेरीला मूठभर पोंगल

मी, वासुदेवराव व्यंकोजीराव, वय अडुसष्ट, धंदा गायी पाळून दूध घालणे, राहणार कुंभकोणम्, हे लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे, कोणाचा दाब नाही, कोणी मला काही पाजलेले नाही. चित्त मात्र स्थिर नाही, ते खोटे कशाला लिहू? परवा मंगळवारी तंजावरास अंतर्गळाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात भिऊ नका. अहो, मी माझ्यासाठी भीतच नाही! गुरुवारी माट्टुपोंगल, म्हणजे गुरांचा सण, आणि मी घरी नाही. इकडे माझ्या गायीचे, कावेरीचे, दिवस भरत आलेले. इतके लिहीपर्यंत दोनदा गोठ्यात जाऊन आलो.

कलम १. पत्नी हयात नाही. वडिलार्जित घराचा माझ्या वाटणीचा पूर्वेकडचा अर्धा भाग मुलगा विजयराघव यास. तो मद्रासेस बँकेत आहे, त्याला शेणाचा वास सोसत नाही. विको की ठेवो. पोस्टात जे काही असेल ते मुलगी वेदवती हिला. तिने माझे कधी ऐकले नाही, म्हणूनच तिचे चांगले झाले.

कलम २. विळा, दावी, दुधाच्या चरव्या आणि पेंड मोजायची लोखंडी पडी, हे सगळे गाय ज्याच्याकडे जाईल त्याच्याकडे जावे. पडी एकीकडे आणि गाय दुसरीकडे असे करू नये. हाताच्या अंदाजाने घालणाऱ्यांनीच गायी मारल्या आहेत.

कलम ३. गाय कावेरी आणि तिच्या पोटातले वासरू माझे धाकटे बंधू कैलासवासी शंकरनारायण यांची पत्नी सुब्बलक्ष्मी हिला. होय, सुब्बलक्ष्मीलाच. विजयराघव म्हणेल बाबांना भ्रम झाला. नऊ वर्षे ज्या बाईशी आम्ही बोललो नाही, दोन्ही परसांमधल्या दाराला फळ्या ठोकल्या, तिला गाय? कारण कलम ५ मध्ये आहे. आधी गायीचे पोट.

कलम ४. सकाळी आधी वाळली वैरण, भाताचे काड, मग हिरवे. उपाशी पोटी हिरवे घालू नये. अंगापुरती दीड किलो पेंड-कोंडा, आणि दूध देत असेल तेव्हा दर अडीच लिटरला वर एक किलो. आता शेवटचे दोन महिने दूध बंद, तरी किलोभर जास्त, कारण ती दोघांचे खाते. खनिजाची भुकटी दोन चमचे, मीठ चिमूटभर नव्हे, मूठभर. बुरशीचा वास येणारी शेंगपेंड फेकून द्यावी, जीव हळहळला तरी. खाणे बदलायचे तर आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलावे. पाणी पाच वेळा, आणि डोणी रोज घासावी. अमावास्येला गल्लीतल्या बायका पुण्य म्हणून अगस्तीच्या, म्हणजे हादग्याच्या, पाल्याची जुडी आणतात, ती द्यावी, चांगली असते. पण लग्नाच्या पंगतीतली भातासकट उष्टी पाने आणून टाकणाऱ्याला हाकलून लावावे, मग तो सावकार असो की भटजी.

आणि माट्टुपोंगलाला, नीट वाचा, गल्लीतले प्रत्येक घर गुळाचा पोंगल, म्हणजे गोड भात, घेऊन येईल. गोमाता म्हणतील, हात जोडतील, एकेक ताट पुढे करतील. कावेरीला सगळ्यांचा मिळून मूठभर. बाकीचा मुलांना वाटावा. शिजला भात गायीच्या पोटात आंबतो, आणि गाय नको म्हणत नाही हो! ती खातच राहते.

कलम ५. हे लिहायला चार वेळा बसलो आणि चार वेळा उठलो. १९८३ च्या माट्टुपोंगलाला माझी यमुना, कावेरीची आई, पोट फुगून आडवी झाली. कावेरी तेव्हा वीस दिवसांची. गुरांचे डॉक्टर आले, त्यांनी विचारले, "भात किती खाल्ला? कोणी घातला?" सगळी गल्ली उभी होती. मी शंकरच्या घराकडे बोट करून म्हणालो, "मला काय ठाऊक? त्या बाजूला विचारा." सुब्बलक्ष्मी पानावर एक घास घेऊन आली होती, तो सगळ्यांनी पाहिला होता. डॉक्टरांनी वात समजून तेल पाजले. दुसऱ्या दिवशी दुपारी यमुना गेली.

भात मी घातला होता. अर्धे पातेले, गूळ घालून. बारा लिटर देत होती, कौतुक आवरेना. पस्तीस वर्षे गायी पाळणाऱ्याने असे केले हे गल्लीसमोर कोणत्या तोंडाने सांगणार? शंकर माझ्यावर रागावूनच वारला. मी पापी आहे, बस.

साक्षीदार चंद्रमौली त्या दिवशी डॉक्टरांबरोबर कंपाउंडर म्हणून आला होता. त्याला आत्ता हे वाचून दाखवले. तो म्हणाला, "राव, तेव्हाच बोलला असता तर तेलाऐवजी सोडा पाजला असता. वाचलीही असती." मला ठाऊक आहे, चंद्रमौली. नऊ वर्षे ठाऊक आहे.

कलम ६. पुरवणी, आजचीच. मी मेल्यावर हा कागद वाचला जाणार, आणि माट्टुपोंगल गुरुवारी! इतका धीर कोणाला? जेवणानंतर मी स्वतः पारईने दाराच्या फळ्या काढल्या. सुब्बलक्ष्मी तुळशीपाशी होती. कलम ५ तिला उभ्यानेच वाचून दाखवले.

ती म्हणाली, "भावोजी, ते पातेले त्या संध्याकाळी मीच घासले होते. जाऊबाईंना ताप होता. बुडाला गुळाची खरवड होती."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले."

आणि पदर खोचून ती सरळ गोठ्यात आली, कावेरीच्या पोटावरून हात फिरवला, खुंटीवरची पडी काढून घेतली. "मेलेल्या माणसाची गाय मला नको. गुरुवारचा मूठभर मी माझ्या हाताने घालीन. तुम्ही परत या आणि चीक तुम्ही काढा."

सबब कलम ३ रद्द. पडी तिच्याकडे आहे. दार उघडे आहे, ते माझ्यामागे कोणी बंद करू नये, एवढीच माझी इच्छा.

स्थळ कुंभकोणम्, रविवार, १२ जानेवारी १९९२.

सही: वासुदेवराव व्यंकोजीराव

साक्षीदार: चंद्रमौली, निवृत्त कंपाउंडर, चोळपुरम्
साक्षीदार: सेतुराम, दस्तलेखक. कलम ३ वरची काट माझ्या समक्ष मारली. मारताना लिहून देणार रडत होते, परंतु शुद्धीवर होते.